वाचक विचारतात: पंचवीस-तीस जणांच्या मंडळीत नवं काय करता येईल?

या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांमधलं दुखणं एकच आहे. चर्चची मंडळी पंचवीस ते चाळीस जणांची, आणि कार्यक्रम मात्र चारशे जणांच्या मंडळीकडून उसने आणलेले. गायनपथक, पडदा, वयानुसार वेगळे वर्ग, समित्या हे सगळं ओढूनताणून चालवताना मोजकी माणसं दमतात आणि शेवटी आपणच कमी पडलो असं त्यांना वाटत राहतं. छोट्या मंडळीत प्रत्येकाला प्रत्येकाचं नाव ठाऊक असतं, घरात काय चाललंय तेही ठाऊक असतं. खालची उत्तरं याच एका गोष्टीच्या आधाराने दिली आहेत.

आमचं सभागृह दीडशे जणांचं आहे, उपासनेला येतात अठ्ठावीस. वाद्य वाजवणारं कोणी उरलेलं नाही, म्हणून रेकॉर्ड केलेलं संगीत लावतो. तरी गाणं पडल्यासारखं वाटतं. काय करावं?
— उपासना चालवणाऱ्या एक भगिनी

आधी खुर्च्या हलवा, गाण्याकडे नंतर बघू. विखुरलेल्या माणसाला फक्त स्वतःचाच आवाज ऐकू येतो. मग तो संकोचून आवाज खाली आणतो, आणि असं प्रत्येकाचंच होतं. शेजारी हाताच्या अंतरावर असला की त्याचा आवाज कानावर पडतो आणि आपलाही मोकळा होतो. अठ्ठावीस जणांसाठी अर्धवर्तुळात दोनच रांगा करा, पुढे बारा आणि मागे सोळा. बोलणाऱ्याचं स्टँड पहिल्या रांगेपासून दोन मीटरवर, त्याच पातळीवर ठेवा. मंचावर नको. बाकं जमिनीत पक्की असतील तर मागच्या बाकांना दोरी बांधा, पण पहिला माणूस येण्याआधी. एकदा बसलेल्याला उठवून पुढे बोलावलं की तो रुसतो, आणि त्यात त्याची चूक नसते. दाराजवळच्या चार जागा मात्र मोकळ्या ठेवा. उशिरा येणाऱ्यांना, तान्हं मूल असलेल्या आईला, मध्येच उठावं लागणाऱ्या आजोबांना त्या लागतात.

रेकॉर्ड केलेल्या संगीताची अडचण तिहेरी आहे. त्याची पट्टी त्या गायकाच्या गळ्याची असते. त्याची लय कोणासाठी थांबत नाही. आणि ते इतकं भरगच्च असतं की माणसं गाणं सोडून ऐकत बसतात. ते एकदम बंद करू नका. पहिल्या महिन्यात प्रत्येक गीताचं शेवटचं कडवं संगीताशिवाय म्हणा, दुसऱ्या महिन्यात एक गीत पूर्ण, मग हळूहळू वाढवा.

पट्टी ठरवण्याची सोपी रीत अशी. गीतातला सर्वांत उंच स्वर शोधा. तो वरच्या सप्तकातल्या पांढरी दोनच्या (पियानोवरच्या ‘डी’च्या) पलीकडे जाऊ देऊ नका. सकाळी गळे उघडलेले नसतात, तेव्हा अर्धा-एक स्वर आणखी खाली घ्या. तिथून मोजत पहिल्या शब्दाच्या स्वरापर्यंत या आणि तो स्वर गीताशेजारी पेन्सिलने लिहून ठेवा. मोबाइलवरच्या पियानोच्या अ‍ॅपवर तेवढा एक स्वर वाजवला की पुरतं. सुरुवात दोघांना पक्की हवी: एक पुढे उभा राहणारा, दुसरा मागच्या रांगेत बसलेला. मागून भक्कम आवाज आला की मधली माणसं आपोआप गातात.

पुढून एकाने ओळ म्हणायची आणि मागून सगळ्यांनी, ही पद्धत जुनी आणि कसाला उतरलेली आहे. वाचता न येणाऱ्यांसाठी स्तोत्र ओळीओळीने आधी वाचून दाखवावं आणि मग गावं, असं १६४५ सालच्या वेस्टमिन्स्टर उपासना-निर्देशिकेतही सांगितलेलं आहे. फ्रान्समधल्या तेझे इथे ब्रदर रॉजर यांनी १९४० साली रुजवलेल्या मठवासी समाजात एक-दोन ओळींची गीतं पुन्हा पुन्हा म्हणतात. पुस्तक-पडदा काही लागत नाही, तिसऱ्या आवर्तनाला नवखाही सामील होतो.

नवं गीत महिन्यात एकच घ्या. पहिल्या रविवारी फक्त ऐकवा, दुसऱ्या रविवारी ध्रुपद, तिसऱ्या-चौथ्या रविवारी पूर्ण. एका उपासनेत दोन नवी गीतं घातली की लोक गप्प होतात आणि पुढच्याला वाटतं, गीत आवडलं नाही.

संडे स्कूलला पाच मुलं आहेत. सर्वांत धाकटं चार वर्षांचं, मोठी मुलगी तेरा वर्षांची. वयानुसार छापील पाठ कसे वापरणार?
— एक शिक्षिका

वापरू नका. गोष्ट एकच ठेवा, कामं वेगळी द्या. मार्कच्या शुभवर्तमानातलं, येशूने शांत केलेलं वादळ (४:३५–४१) घेऊन दाखवतो.

एका खोक्यात ठेवा: दीड मीटर लांब निळं कापड, पुठ्ठ्याची एक मोठी नाव, तीन लहान नावा, कपड्यांच्या लाकडी चिमट्यांची सहा-सात माणसं, आणि अंगठ्याएवढी एक उशी. उशी आणि सोबतच्या इतर नावा या दोन्ही गोष्टी फक्त मार्क सांगतो, म्हणून त्या विसरू नका. चार वर्षांच्या मुलाच्या हातात कापडाचं टोक द्या, लाटा त्याच्या ताब्यात. मधल्या वयाची मुलं नावा चालवतील. तेरा वर्षांची मुलगी पवित्र शास्त्रातून थेट वाचेल, आणि पुढच्या कामाच्या वेळेत मत्तय ८ आणि लूक ८ उघडून कुठे काय वेगळं आहे ते टिपेल. तिला दर वेळी धाकट्यांना सांभाळायला बसवू नका. मोठी मुलं संडे स्कूल सोडतात त्याचं हे एक मोठं कारण असतं: ती मदतनीस होतात, पण त्यांना स्वतःला शिकायला काही मिळत नाही.

पंचेचाळीस मिनिटांची वाटणी अशी करा: पाच मिनिटं भेटीगाठी, दहा गोष्ट, दहा प्रश्न, पंधरा हाताचं काम, पाच आवराआवर आणि प्रार्थना. गोष्ट सांगताना तुमची नजर मुलांवर नको, नावेवर हवी. तुम्ही मुलांकडे पाहिलंत की ती तुमच्याकडे बघतात, नाव एकटी पडते. प्रश्न असे विचारा ज्यांचं उत्तर तुम्हालाही तयार सापडणार नाही. “बाकीच्या नावांमधल्या लोकांना काय वाटलं असेल?” हा प्रश्न टाका आणि मनात दहापर्यंत मोजा. बहुतेक शिक्षक तीनला कच खातात आणि स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतात. जेरोम बेरीमन यांच्या ‘गॉडली प्ले’ पद्धतीत अशाच प्रश्नांवर भर आहे.

सहा खोकी तयार झाली की पाठ संपले असं समजू नका. तीच खोकी पुन्हा फिरवा. वर्षभराने मूल तेच वादळ वेगळ्या डोळ्यांनी बघतं.

एक नियम मुलं पाचच असली तरी मोडायचा नाही: खोलीत एकाच घरातले नसलेले दोन प्रौढ हवेत, आणि दार उघडं. सगळे ओळखीचे आहेत म्हणून छोट्या मंडळ्या इथेच सैल पडतात.

मंडळीची सगळी कामं आम्ही चार-पाच जणच करतो. व्यासपीठावरून कितीदा विनंती केली, कोणी पुढे येत नाही.
— वडील मंडळातले (चर्चचा कारभार पाहणाऱ्या मंडळातले) एक सभासद

“कोणीतरी पुढे या” ही हाक कोणालाच नसते. ज्याला विचारायचं त्याला नाव घेऊन, समोर बसून विचारा आणि चार गोष्टी सांगा: काम नेमकं काय, आठवड्याला किती वेळ, सोबत कोण, आणि संपणार कधी. चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. लोक कामाला भीत नाहीत, त्यात जन्मभर अडकण्याला भितात. बारा आठवड्यांची मुदत द्या. ती संपली की उपासनेत उभं करून आभार माना आणि खरोखर मोकळं करा. पुढे चालू ठेवायचं का हे त्यांनीच एक आठवड्याने सांगावं.

त्याआधी एक संध्याकाळ काढून मंडळीची सगळी कामं कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहा, एका चिठ्ठीवर एकच काम. ‘उपासनेची तयारी’ असं लिहू नका. दार उघडणं, खुर्च्या लावणं, माइकची बॅटरी तपासणं, प्रभुभोजनाचे पेले धुणं, अर्पण दोघांनी मिळून मोजणं, अशा बारीक चिठ्ठ्या करा. साठ-सत्तर सहज होतात. आता तीन ढीग लावा: थांबवलं तर कोणाचं अडणार नाही, महिन्यातून एकदा केलं तर चालेल, आणि करायलाच हवं. पहिल्या ढिगात निदान पाच चिठ्ठ्या पडल्याशिवाय उठू नका. पडतातच. दोनच माणसं येणारी आठवड्याची सभा केवळ पूर्वीपासून चालू आहे म्हणून चालू असते.

उरलेली कामं जोडीने द्या, एक सरावलेला आणि एक नवा. बायबलमध्ये निर्गम १८ मध्ये सासरा इथ्रो मोशेला सांगतो की एकट्याने केलंस तर तूही थकशील आणि लोकही थकतील. लोकही थकतील, हे आपण वाचताना गाळतो.

बिघडतं ते बहुधा एका ठिकाणी. काम दिलं जातं, पण जुना माणूस पाठीमागे उभा राहून खुर्च्या पुन्हा सरळ करतो. नव्याने लावलेली रांग वाकडी असली तरी त्या दिवशी तिला हात लावायचा नाही.

आमचे पाळक तीन मंडळ्या सांभाळतात, महिन्यातून दोनच रविवार येतात. बाकीच्या दोन रविवारी उपदेश कोण करणार, यावरून ओढाताण होते.
— चर्चचे सचिव

त्या दोन रविवारी उपदेशच हवा हा आग्रह सोडून बघा.

पहिला पर्याय: अख्खं पुस्तक मोठ्याने वाचणं. नव्या करारातल्या फिलिप्पैकरांस पत्राची १०४ वचनं आहेत, सावकाश वाचली तरी वीस मिनिटांच्या आत होतात. ही पत्रं मुळात जमलेल्या मंडळीला ऐकवण्यासाठीच लिहिलेली होती. आपण मात्र ती चार-चार वचनांच्या तुकड्यांत ऐकत आलो. रूथच्या पुस्तकात ८५ वचनं आहेत. निवेदक, रूथ, नामी, बवाज आणि गावकरी अशी पाच वाचकांत वाटणी करा. योना आणखी छोटं आहे, ४८ वचनांचं. वाचकांना दहा दिवस आधी मोठ्या अक्षरातली प्रत द्या आणि त्याच सभागृहात एकदा तालीम घ्या. नावांचे उच्चार तिथेच अडखळून घेतलेले बरे. वाचन संपल्यावर कोणी सार सांगायला उठू नये, दोन मिनिटं शांत बसावं.

दुसरा पर्याय: चार-चार जणांच्या गटांत मननवाचन. बाराव्या शतकात कार्थुसियन मठवासी दुसरे गुइगो यांनी वाचन, मनन, प्रार्थना आणि निवांत सान्निध्य अशा चार पायऱ्या मांडल्या. आठ ते बारा वचनांचा उतारा घ्या, तीन वेगळ्या आवाजांत तीनदा वाचा. पहिल्या वाचनानंतर प्रत्येकाने मनाला भिडलेला एखादा शब्द सांगायचा, दुसऱ्यानंतर एक वाक्य, तिसऱ्यानंतर एका वाक्याची प्रार्थना. मधला मौनाचा वेळ सुरुवातीला एकच मिनिट, पण घड्याळ लावून. न लावल्यास वीस सेकंदांत कोणीतरी खाकरतं. शास्त्र जाणणारा एखादा जण हमखास प्रवचन सुरू करतो, म्हणून ‘एका फेरीत एकच वाक्य’ हा नियम आधीच सगळ्यांना सांगून ठेवा. मग त्याला एकट्याला अडवावं लागत नाही.

तिसरा: साक्ष, म्हणजे आपला विश्वासाचा अनुभव सांगणं, पण मुलाखतीच्या रूपात. माइक मोकळा सोडला की तेच दोघं बोलतात आणि पंचवीस मिनिटं जातात. एका सभासदाला आठवडाभर आधी तीन प्रश्न लिहून द्या. गेल्या काही दिवसांत काय जड गेलं? त्या वेळी कोणतं वचन किंवा कोणतं माणूस पाठीशी उभं राहिलं? आता मंडळीने तुमच्यासाठी काय मागावं? सात मिनिटं. माइक विचारणाऱ्याच्याच हातात राहू द्या. आणि लगेच, जागेवरच, त्या मागणीसाठी प्रार्थना करा.

पैसा नाही, मोठा कार्यक्रम झेपत नाही. तरी मंडळीबाहेरच्या लोकांपर्यंत पोहोचण्यासाठी काही सुचवाल का?
— एक तरुण सभासद

वर्षातून एक संध्याकाळ शोकात असलेल्यांसाठी ठेवा. ही सेवा छोटी मंडळी मोठीपेक्षा चांगली करू शकते. पश्चिमेच्या चर्चपरंपरेत २ नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा दिवस आहे. जर्मनीतल्या प्रॉटेस्टंट मंडळ्या आगमनकाळाआधीच्या (नाताळच्या तयारीच्या आठवड्यांआधीच्या) शेवटच्या रविवारी हे स्मरण करतात. प्रशियाचे राजे तिसरे फ्रेडरिक विल्यम यांनी १८१६ साली तो दिवस नेमून दिला. तुमची तारीख कोणतीही असो, नाताळच्या आधीची असावी, कारण सणाच्या दिवसांत रिकामी खुर्ची सर्वांत जास्त बोचते.

सहा आठवडे आधी यादी करा: गेल्या दोन वर्षांत मंडळीत, शेजारात, सभासदांच्या कामाच्या ठिकाणी कोणाकडे मृत्यू झाला. प्रत्येक घराला हाताने लिहिलेली चिठ्ठी, आणि ती त्या घराला ओळखणाऱ्यानेच द्यायची. चिठ्ठीत स्पष्ट लिहा की बोलावं लागणार नाही, अर्पण घेतलं जाणार नाही आणि पाऊण तासात संपेल. कोणत्याही धर्माच्या माणसाला बोलवा, पण येशूच्या नावाने प्रार्थना होईल हेही चिठ्ठीत असू द्या. शोकातल्या माणसाला अंधारात ठेवून बोलावणं बरं नव्हे.

कार्यक्रम साधा: एक गीत, स्तोत्र २३ किंवा १३०, पाच मिनिटांचे दोन शब्द, मग नावांचं वाचन. नाव वाचलं की घरचं माणूस पुढे येऊन मेणबत्ती लावतं. दोन नावांत दहा सेकंद थांबा. ज्यांना पुढे येणं जमत नाही त्यांच्यासाठी मंडळीतलं कोणीतरी लावेल, हे आधीच ठरवून ठेवा. नावांचा उच्चार घरच्यांकडून ऐकून, आपल्या अक्षरात लिहून घ्या. त्या संध्याकाळी चुकीचं वाचलेलं नाव भरून निघत नाही.

मेणबत्त्यांसाठी कडेचं धातूचं ताट आणि त्यात सहा-सात सेंटिमीटर कोरडी वाळू. दोन मेणबत्त्यांत दहा सेंटिमीटर अंतर ठेवा, जवळ लावल्या तर एकमेकींच्या धगीने मऊ होऊन वाकतात. आधी ताटाच्या मागच्या बाजूच्या लावायच्या, म्हणजे पुढच्या ज्योतींवरून कोणाची बाही किंवा पदर जात नाही. ताट वाटेत नको, पंख्याखाली नको. एक जण बादलीभर पाणी घेऊन फक्त ताटावर लक्ष ठेवेल. येणाऱ्यांत कोणी ऑक्सिजन लावलेला असेल तर सरळ बॅटरीचे दिवे घ्या.

खरं काम दुसऱ्या दिवसापासून सुरू होतं. प्रत्येक नावाचं एक कार्ड करा: मृत्यूची तारीख, घरचं माणूस, भेट कोण देणार. मृत्यू ताजा असेल तर एका महिन्याने, तीन महिन्यांनी आणि पहिल्या वर्षदिनाच्या आसपास भेट द्या. तिसऱ्या महिन्याची भेट सगळेच विसरतात, आणि नेमकी तेव्हाच घरातली गर्दी ओसरलेली असते. वीस मिनिटं बसा. गेलेल्याचं नाव तुम्ही स्वतः घ्या. पुष्कळदा कोणीतरी ते घ्यावं याची घरचे वाट पाहत असतात. “देवाची इच्छा” हे शब्द टाळा.

एका भेट देणाऱ्याकडे चारपेक्षा जास्त घरं नकोत. घरभेटींतून मंडळी कशी बांधली जाते याचा एक जुना दाखला आहे. १७४२ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या मेथडिस्टांनी (एका ख्रिस्ती चळवळीतल्या लोकांनी) इमारतीचं कर्ज फेडायला सुमारे बारा-बारा जणांचे गट पाडले, आणि गटनायक आठवड्याला एक पेनी गोळा करायला घरोघर जाऊ लागला. त्या फेऱ्यांत घरातली खरी परिस्थिती कळू लागली. त्यांचे पुढारी जॉन वेस्ली यांनी ते ओळखलं आणि पैशांसाठी पाडलेले गट माणसांच्या काळजीचे झाले.

नवीन माणूस एकदा येतो, दुसऱ्यांदा येत नाही.
— दाराशी उभे राहणारे एक बंधू

बहुधा दोनांपैकी एक झालेलं असतं: कोणीच बोललं नाही, किंवा पंधरा जण एकदम बोलले. दोघांना नेमा. एकाने बसेपर्यंत सोबत करायची, दुसऱ्याने उपासनेनंतर. बाकीच्यांनी हसून नमस्कार करावा, पुरे. नाव सांगायला उभं करू नका, पत्ता-फोन पहिल्या दिवशी मागू नका. घोषणांमध्ये “नेहमीच्या ठिकाणी, नेहमीच्या वेळी” हे शब्द आले की नव्या माणसाला तो बाहेरचा असल्याचं कळतं. जागा आणि वेळ दर वेळी पूर्ण सांगा.

मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात सुविचारांचा इतका पूर येतो की प्रार्थनेच्या विनंत्या वाहून जातात.
— एक भगिनी

दोन गट करा. सूचनांच्या गटात फक्त अ‍ॅडमिनना लिहिता येईल अशी सेटिंग ठेवा. प्रार्थनेच्या गटात फॉरवर्ड केलेलं काहीच नको, हा नियम गटाच्या वर्णनातच लिहा. आजारपणाची विनंती टाकण्याआधी त्या माणसाला विचारा, आणि आजाराचं नाव लिहायचं की नाही हेही त्यालाच ठरवू द्या. दर शनिवारी एकाने आठवड्याच्या विनंत्या एका संदेशात एकत्र कराव्यात आणि कुठे उत्तर मिळालं तेही लिहावं. ज्यांच्याकडे मोबाइल नाही त्यांना तोच संदेश फोनवरून वाचून दाखवायला एक जण नेमा.